चौथा सिपारा

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने अरबी शब्दांच्या अर्थावर बोलू नये, असं माझ्या नातजावयाचं मत आहे. तो सौंसरला मोबाइलचं दुकान चालवतो, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. मागे एकदा आला तेव्हा त्याने मला फोनवर एक नवी करामत दाखवली. कुराणातल्या शब्दावर बोट ठेवलं की त्याचा अर्थ उमटतो, त्याची मूळ अक्षरं उमटतात, नाम असेल तर एक रंग, क्रियापद असेल तर दुसरा. मी म्हटलं, छान आहे. हे सगळं मला गाद्या भरता भरता आलं होतं आणि चार्जिंगही लागलं नव्हतं. तो हसला, म्हणजे त्याला वाटलं नानी गंमत करून राहिली. मग त्याने विचारलं, शिकवलं कोणी? मी सांगितलं, माझ्या फुफीने. तो म्हणाला, त्या कुठल्या मदरशात होत्या? आता त्याला काय सांगायचं. म्हटलं, लिहूनच ठेवते. वाचणार कोणी नाहीच, पण निदान बोलताना मध्ये कोणी तोंड घालणार नाही.

आम्ही पिंजारी. पांढुर्ण्यात स्टेशनाच्या बाजूला आमचं घर होतं, आणि घर म्हणजे काय, तर कापूस ठेवून उरलेल्या जागेत माणसं. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, रस्त्याकडच्या खोलीत बसून पिंजायचे. छताला टांगलेली ती मोठी कमान, तिची ताणलेली तात, आणि तातीवर लाकडाचा दस्ता पडला की उठणारा तो आवाज. तो आवाज मी आजही तोंडाने काढू शकते, पण कागदावर काढता येत नाही. दिवसभर तो चालायचा. मधूनच इटारसीकडची गाडी जायची, तेवढा वेळ दादा दस्ता थांबवायचे, जसं काही गाडीला रस्ता देत आहेत. कापसाचा बारीक धूर सगळ्या घरात असायचा. डाळीत, भाकरीवर, लहान पोरांच्या पापण्यांवर. अम्मा तव्यावर भाकर टाकायच्या आधी परातीवर फुंकर मारायची, तरी ज्वारीच्या भाकरीत कापूस निघायचाच. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, केस नाही, कापूस आहे. पाहुण्यांना त्याने काही बरं वाटत नसे.

कुराण पढायला आम्ही सगळ्या पोरी मशिदीमागच्या एका बाईकडे जायचो. पढणं म्हणजे अक्षरं ओळखायची, जबर-जेर-पेश, म्हणजे स्वरांच्या खुणा, बरोबर लावायच्या, आणि झुलायचं. झुलण्याला फार महत्त्व होतं. जी जास्त झुलायची ती जास्त दीनदार. अर्थ कोणी विचारत नसे. मी एकदा विचारला, तर बाईंनी विचारलं, तुला भूक लागली आहे का. पण वाचायची मी झपाट्याने. आठवी-नववीतल्या पोरी शाळेच्या पुस्तकातलं मराठी जेवढ्या वेगाने वाचणार नाहीत तेवढ्या वेगाने मी अरबी वाचायची, आणि एका शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आमच्या मोहल्ल्यात त्याला हुशारी म्हणत. कोणाकडे मयत झाली, कोणाचा चाळिसावा असला, की मला बोलावणं यायचं. कुराणाचे तीस सिपारे, म्हणजे तीस भाग, वेगवेगळे बांधलेले असत. पत्र्याच्या पेटीतून ते काढायचे, तीस जणांना वाटायचे, आणि सगळ्यांनी एकदम सुरू व्हायचं. प्रत्येक जण आपापला भाग गुणगुणतो. तासाभरात अख्खं कुराण संपतं आणि एकाचंही दुसऱ्याने ऐकलेलं नसतं. मग त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मयताला पोचवायचा आणि दालचा-भातावर बसायचं. इतकी सोयीची पद्धत दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

माझी जैतून फुफी, अब्बांची धाकटी बहीण, रामाकोन्याला दिली होती. तिथे तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला होता. म्हातारा अरबी-फारसी शिकलेला. उभं आयुष्य त्याने लोकांना शिकवायचा प्रयत्न केला आणि लोक काही ना काही काम काढून उठून जायचे. फुफीला उठून जाता येत नव्हतं. त्याचं सगळं करायला ती एकटीच. पाठ पुसून देताना, पेज भरवताना तो तिला शब्द सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. तिला आवड होती म्हणून नाही. ती स्वतः म्हणायची, कान बंद करता येत असते तर केले असते. काही वर्षांनी म्हातारा गेला, मग नवराही गेला, आणि सासरच्यांनी तिला सन्मानाने पांढुर्ण्याच्या गाडीत बसवून दिलं. एक पेटी, दोन लुगडी आणि डोक्यात ते सगळं शब्दांचं ओझं. सासरहून तिने आणलेली तीच काय ती कमाई, कारण ती काढून घेता येत नव्हती.

दादांनी तिला रस्त्याकडची पिंजणखोली दिली. म्हणजे दिली असं कोणी म्हणालं नाही. तिथे कापसावर ती झोपायची, एवढंच. मीही तिथेच झोपायची, कारण आत माझे दोन भाऊ, अब्बा-अम्मा आणि चाचाचं बिऱ्हाड. दादांचे हात थकले तसा दस्ता फुफीने हातात घेतला. बाई माणूस पिंजते म्हणून लोकांनी आधी तोंडं वाकडी केली आणि मग गाद्या आणून टाकल्या, कारण तिचा कापूस दादांपेक्षा मऊ निघायचा.

गादी भरून झाली की टाके घालायला दोन बाया लागतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मी समोर बसायची. टाक्याटाक्याला बोलायला काही लागतंच. इतर घरांत सासवांचे विषय निघत, फुफी शब्द काढायची. ती मूठभर कापूस उचलून दाखवायची. म्हणायची, यात पाह्य, सरकी केवढी अन् कापूस केवढा. अरबीचा शब्द असाच असते. आत तीन अक्षरांची सरकी, अन् वरून कितीबी फुलव. मग एक सरकी सांगायची. जीम-नून-नून. अर्थ झाकणं. आता फुलव. जिन, जो दिसत नाही तो. मजनून, ज्याची अक्कल झाकली गेली तो. जनीन, आईच्या पोटात झाकलेलं लेकरू. आणि जन्नत म्हणजे बाग, जिथे झाडांनी जमीन झाकून टाकली आहे. मी म्हटलं, म्हणजे संत्र्याचा बगीचा. फुफी म्हणाली, मंग तुले काय वाटलं, वर कुठं शामियाना हाय? त्या दिवसापासून पांढुर्ण्याच्या आजूबाजूचे संत्र्याचे बगीचे माझ्यासाठी जन्नत झाले, आणि त्यांचे मालक पाहिले की माझा विश्वास थोडा डळमळायचा.

चौथीत आम्ही एकवचन आणि अनेकवचन शिकलो होतो. फुफीने तिसरं काढलं. फक्त दोघांसाठी वेगळं वचन. वालिद म्हणजे बाप, आणि वालिदैन म्हणजे मायबाप दोघं. हात दोन, डोळे दोन, जोडे दोन, सगळ्यांना शेवटी तसाच ‘ऐन’. मला ते फार आवडलं. आमच्या घरात दोघांची अशी कुठलीच गोष्ट नव्हती, सगळं एकतर एकट्याचं, नाहीतर गर्दीचं. असं टाके घालता घालता मी किती शिकले याचा हिशेब नाही. एक रजई झाली की एक सुरा, म्हणजे कुराणाचा एक अध्याय, होते असं काही नव्हतं. कधी एका गादीत चारच शब्द व्हायचे, कारण गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि त्याला आमचं पुटपुटणं ऐकून वाटायचं, बाया गादीवर मंतर टाकून राहिल्या.

अब्बांना हे कळलं तेव्हा ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते खूश झाले. कारण सोपं होतं. सौंसरला एक घर होतं, दोन मजल्यांचं, आणि त्यांच्या मुलासाठी ते मुलगी पाहत होते. त्या घरच्या बाईची एक अट होती. नुसतं तोतापढण करणाऱ्या पोरी गल्लोगल्ली मिळतात, आम्हाला मायनेसकट कुराण पढणारी पाहिजे. मायने म्हणजे अर्थ. त्यांच्या थोरल्या जावेला तशी सून मिळाली होती, म्हणून. अब्बा फुफीला म्हणाले, जैतून, पोरीले चांगलं पक्कं कर. फुफी म्हणाली, पक्कंच करून राहिली भाई. तेव्हापासून अब्बा येईल त्याला सांगायचे, आमची पोरगी मायनेसकट पढते. जशी म्हैस विकताना सांगतात, दूध दोन्ही वेळ देते.

मग दादा गेले. पिंजता पिंजता नाही, तसं लिहिलं तर फार छान दिसेल. जेवण करून पडले होते, ते उठले नाहीत.

दादांना जाऊन थोडे दिवस झाले नाहीत तो संत्र्याचा एक व्यापारी घर पाहायला आला. पेट्या ठेवायला त्याला स्टेशनाजवळची जागा पाहिजे होती. त्याला आमचं घर आवडलं, खरं म्हणजे पिंजणखोली आवडली, कारण रस्त्याला लागून तीच होती. तिथून बैलगाडी सरळ आत. मागचं घर त्याला त्या खोलीवाचून फुकटही नको होतं. अब्बा आणि चाचा दोघं बसून बोलले. आपण पैसे घेऊन मागे वस्तीत दोन घरं बांधू. आणि जैतून? जैतून राहील की. एक महिना इकडे, एक महिना तिकडे. अम्मा आणि चाची यांनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं. कमान कुठे टांगायची ते कोणी बोललं नाही. फुफी बाजूलाच सरकी वेचत होती. तिला कोणी विचारलं नाही, पण तिच्यापासून लपवलंही नाही. भिंतीपासून कोण काय लपवतं.

आमच्याकडे एक रीत होती. आहे म्हणायला हरकत नाही, पण होती म्हणते, बरं दिसतं. बाप गेला की त्याच्या चाळिसाव्याला, कुराण पढून झाल्यावर, बहीण चारचौघांत म्हणते, मी माझा हक भावांना बक्षला, म्हणजे राजीखुशीने देऊन टाकला. भाऊ तिच्या अंगावर नवी साडी घालतात. सगळे आमीन म्हणतात. बाया डोळे पुसतात. माहेर शाबूत राहिलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं आणि मग जेवण. अब्बांनी फुफीसाठी साडी आधीच आणून ठेवली होती. हिरवी, जाड सुताची, अम्माच्या पेटीत. फुफीनेच ती पेटी झाडली होती, म्हणजे तिने साडी पाहिली होती. मला म्हणाली, रंग बरा हाय. एवढंच. त्या रात्रीही आम्ही कापसावरच झोपलो आणि मला वाटलं, ही विचारत का नाही? आज मला कळतं. विचारणारी बहीण आणि बक्षणारी बहीण यांत लोकांना कोणती आवडते हे तिला ठाऊक होतं. विचारलं असतं तर सगळा मोहल्ला म्हणाला असता, बापाची माती वाळली नाही आणि हिला वाटा पाहिजे. खोली तर गेलीच असती, वरून नावही.

चाळिसाव्याला घर भरलं. पुढच्या खोलीत पुरुष, आत बाया, मध्ये पलंगपोस टांगलेला. अंगणात दालच्याचं भगोणं, भोपळा आणि हाडांचा वास सगळीकडे. अब्बांनी एकाच खर्चात दोन कामं करायचं ठरवलं होतं, म्हणून सौंसरची ती बाई, तिचा नवरा आणि दीर यांनाही बोलावलं होतं. कुराणखानी पण होईल आणि पोरगीही पाहणं होईल. ती बाई आत येऊन ऐन मध्यावर बसली. अंगाने भरलेली, तोंडात पान, नजर माझ्या पायांच्या बोटांपासून सुरू झाली. फुफीने पत्र्याच्या पेटीतून सिपारे काढून वाटले. बायांना तिच्याच हाताने, पुरुषांचे पडद्याखालून सरकवून दिले. मला चौथा आला. मुद्दाम दिला का, हे मी तिला नंतर कितीदा तरी विचारलं. दर वेळी ती म्हणायची, हातात आला तो देला. मी तिचं ऐकून घेतलं, जसं सगळे एकमेकांचं ऐकून घेतात.

सगळं घर गुणगुणायला लागलं. जिनिंगमध्ये होतो तसा आवाज. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे, सिपारा संपत आलेला. तेवढ्यात पडद्यापलीकडून अब्बांनी खाकरून सगळ्यांना थांबवलं. सौंसरच्या पाहुण्यांना ते म्हणाले, आमची पोरगी मायनेसकट पढते, जरा ऐकून घ्या. पेशइमाम साहेबही बसलेत, काही चुकलं तर सांगतील. मग मला म्हणाले, “बेटा, जिथं आहेस तिथून पढ. आवाजात पढ.”

जिथे होते तिथे काय होतं ते मी खाली पाहिलं. मयताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे वाटे तिथे होते. हे पान मी कित्येक चाळिसाव्यांना वाऱ्यासारखं पढून गेले होते, ज्या घरांत आतल्या खोलीत बहिणीची साडी घडी घालून ठेवलेली असायची. फुफीबरोबर एका रजईवर मी ते मायनेसकट केलं होतं. आता एक पान मागे गेलं असतं तर तिथे यतीम, म्हणजे अनाथ, पोरांबद्दल चांगलं, निरुपद्रवी काही होतं. पाहुणे खूश झाले असते. फुफी माझ्यासमोर मांडी घालून बसली होती, तिच्या हातात तिचा सिपारा, नजर त्यावर. तिने मान वर केली नाही. मला आठवतं, मला तेव्हा सौंसरचं दोन मजली घर आठवलं नाही, फुफीही आठवली नाही. मला एवढंच वाटलं की ही खोली गेली तर मी झोपणार कुठे. मी पान उलटलं नाही.

आधी अरबी पढले, चांगलं ओढून. मग मायने. “अल्ला तुमाले तुमच्या लेकरांबद्दल हुकूम देते. एका लेकाचा वाटा दोन लेकींच्या वाट्याएवढा.”

“माशाल्ला,” अब्बा पडद्यामागून म्हणाले. “पुढं.”

“म्हणजे लेकीले लेकाच्या निम्मा. कमी हाय, पण हाय,” मी म्हटलं. शेवटचं वाक्य कुराणात नाही, ते फुफीचं. पण ते अर्थाबरोबरच शिकले होते, तर सोबतच निघालं.

“माशाल्ला, पुढं,” अब्बा म्हणाले. त्यांचं लक्ष पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे असावं. मी पुढे पढले. मायबापाचे वाटे, मग मयताची वसीयत आणि कर्ज फेडून उरेल त्याचे वाटे, आणि हे सगळं अल्लाने ठरवून दिलेलं आहे, आपल्या मर्जीचं नाही. तिसऱ्या ‘माशाल्ला’च्या जागी काही आलं नाही. चाचा आमच्या घरात सगळ्यांत मंद समजला जायचा, पण त्यालाच आधी कळलं. तो हळूच म्हणाला, “भाई, थांबव तिले.”

माझ्याभोवतीच्या बायांचे सिपारे मांडीवर तसेच उघडे. सौंसरच्या बाईचं पान चघळणं थांबलेलं. पडद्यापलीकडे अब्बांनी पेशइमाम साहेबांना विचारलं, पोरगी बरोबर सांगून राहिली काय? पेशइमाम साहेब म्हातारे होते, अर्धा मोहल्ला त्यांनीच दफन केला होता. ते म्हणाले, “बरोबर पढली.”

“हे तुमाले ठाऊक होतं?”

“होतं ना.”

“मंग आजवर सांगतलं काऊन नाई?”

“इचारलं कोणी?” पेशइमाम साहेब म्हणाले, आणि बहुतेक त्यांनी अंगणातल्या भगोण्याकडे पाहिलं असावं, कारण लगेच विचारलं, खाणं तयार हाय काय.

अब्बांना अजून आशा होती. ते म्हणाले, अल्लाचं खरंच आहे, त्याला कोण नाही म्हणतं. पण आमची जैतून काही परकी नाही, ती राजीखुशीने बक्षणारच आहे, साडीही आणून ठेवली आहे. आणि अम्माला हाक मारली. अम्माने पेटीतून साडी काढून आणली. हिरवी साडी बायांच्या मधोमध ठेवली गेली. सगळ्यांनी फुफीकडे पाहिलं. ती गादीला टाका घालताना बोलावं तसं बोलली, आवाज न चढवता, हातातला सिपारा नीट मिटून.

“बक्षीन ना भाई. बक्षाले काय लागते. पण पयले माझ्या हातात तं द्या. जे हाती आलंच नाई, ते मी कोणाले कसं बक्षू?”

 मग पेशइमाम साहेब म्हणाले, हेही बरोबर आहे. आणि मग, मला वाटतं भुकेनेच, बाकीचेही म्हणाले की हेही बरोबर आहे. चारचौघांसमोर कुराण पढून घेणारे अब्बाच होते, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला जागा उरली नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने ती बुजवली होती. कोणाला लाज वाटली, कोणाचे डोळे उघडले असं काही झालं नाही. नंतर लोक सांगताना तसं सांगतात. प्रत्यक्षात सगळे जेवायला बसले आणि दालच्यात मीठ कमी आहे यावर जास्त बोलणं झालं.

सौंसरच्या बाईने दोनदा वाढून घेतलं. निघताना अम्माला म्हणाली, “पोरगी हुशार हाय बाई. आमाले साधी पायजे.” त्या बाईला तीन नणंदा होत्या आणि सासरा खाटेला लागलेला होता. त्यांना मायनेसकट सून पाहिजे होती, पण मायने नको होते.

दुसऱ्या दिवशी पेशइमाम साहेब आणि मोहल्ल्यातले दोघं बसून वाटे पडले. दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे पाच भाग. दोन-दोन भावांचे, एक फुफीचा. तो एक भाग साधारण पिंजणखोलीएवढाच भरला. फुफी म्हणाली, मग तीच द्या, मला तिथली सवय आहे. कमानही तिथेच टांगलेली आहे. चाचाने तिला विचारलं, आता हातात आली ना, मग बक्षतेस? फुफी म्हणाली, विचार करते.

ती मरेपर्यंत विचार करत राहिली. व्यापारी खोलीशिवायचं घर पाहून परत गेला. अब्बा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण ईदेला शेवया तिच्याच हातच्या खाल्ल्या, माझ्या हाताने मागवून. माझं शिकणंही बंद केलं. म्हणाले, सवाब पढण्याचा असतो, मायन्याने काही जास्त मिळत नाही. मी त्यांना बरं म्हटलं आणि गाद्यांना टाके घालायला जात राहिले. गाद्या काही कोणी बंद करू शकत नव्हतं, घर त्यांच्यावर चालायचं. माझ्या लग्नाला मात्र अब्बांना त्रास झाला. बहिणी नसलेलं घर शोधावं लागलं. शेवटी मोहगावला एक सापडलं, एकुलता एक मुलगा, आईबाप आधीच गेलेले. त्या हिरव्या साडीतच माझी पाठवणी झाली. वाया कशाला घालवायची.

पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. स्टेशनाकडच्या जागेचे भाव ऐकून माझे भाचे सांगतात, आमच्या आज्याने तेव्हा घर विकलं नाही, फार दूरदृष्टीचा माणूस. मी त्यांना दुरुस्त करत नाही. दूरदृष्टी कोणाची का असेना, घरातल्याच माणसाची होती.

त्या चाळिसाव्यानंतर आमच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. कोणी तसं ठरवलं नाही, कोणी बोललंही नाही. पण सिपारे वाटायचे असले की चौथा बायांकडे येत नाही. तो पडद्यापलीकडे राहतो. फुफी गेली, मग चाचा, आणि बऱ्याच वर्षांनी अब्बा गेले. त्यांच्या चाळिसाव्याला मी मोहगावहून आले. पेटी तीच, पत्रा गंजलेला. चौथा सिपारा माझ्या भावांनी बाहेरून बोलावलेल्या, कुराण पाठ असलेल्या एका हाफिजाला दिला होता. तो इतक्या वेगाने पढत होता की मला आमच्या लहानपणाची आठवण झाली. मला तिसावा दिला, लहान सुरांचा, पोरांना देतात तो. पढून झालं. आमीन झालं. थोरला भाऊ आत आला आणि माझ्या मांडीवर साडी ठेवली. माझे भाऊ अब्बांपेक्षा सढळ हाताचे, साडी रेशमी होती, जांभळी, काठाला जर. म्हणाला, “बाई, म्हण आता.”

हाफिज चौथा घेऊन बसला होता हे खरं, पण तो मला पाठ होता. मी सगळ्यांसमोर आवाजात पढला, मायनेसकट, पहिल्यापासून. त्याला वेळ लागला. दालचा थंड झाला.

साडी चांगली होती, ती ठेवून घेतली. वाटाही घेतला.